गच्चीवरचं गोल्डन बॅरल, नाशिक: प्रकल्प नोंदी २०२५

१२ जानेवारी २०२५

जागा: इंदिरानगरमधली आमची गच्ची. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम मोकळी, उत्तरेला पाण्याची टाकी. झाडं: एक मोठं गोल्डन बॅरल (पिंपासारखा गोल, सोनेरी काट्यांचा कॅक्टस), साधारण ३० सेंमी व्यासाचं, आणि त्याच जातीच्या ताज्या बिया. वर्षभरात दोन कामं करायची. मोठ्या झाडाची माती बदलून त्याला पावसाळ्यातून निरोगी बाहेर काढायचं, आणि बियांपासून रोपं करून त्यांचाही पहिला पावसाळा पार पाडायचा. फुलाची अपेक्षा यंदा नाही. झाड ३५-४० सेंमीचं झाल्याशिवाय फुलावर येत नाही आणि त्याला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. मग माथ्यावरच्या लोकरीतून पिवळ्या फुलांचं कडं निघतं.

जुन्या लेबलांवर याचं नाव एकायनोकॅक्टस ग्रुसोनाय असतं. २०१४ मध्ये त्याला क्रोनलाइनिया ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) मिळाली, पण ग्रुसोनाय हे जातीचं नाव कायम राहिलं. जर्मनीतल्या माग्देबुर्गचे उद्योगपती आणि कॅक्टसचे मोठे संग्राहक हर्मान ग्रुसोन यांच्यावरून ते आलं. मूळ घर मध्य मेक्सिकोत, केरेतारो आणि इदाल्गो राज्यांच्या हद्दीवरच्या दऱ्यांत. १९९० च्या दशकात तिथे मोक्तेसुमा नदीवर सिमापान धरण झालं आणि या झाडाच्या अधिवासाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जगभरच्या रोपवाटिकांत लाखोंनी वाढणारं हे झाड रानात मात्र संकटग्रस्त आहे. म्हणून बियांपासून रोप करणं मला नुसता छंद वाटत नाही.

आज नकाशा काढून बसले होते. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर. त्या दऱ्या २० आणि २१ अंशांच्या मधे. म्हणजे दिवसाची लांबी आणि सूर्याची उंची दोन्हीकडे जवळपास सारखीच. पावसाचे महिनेही तेच, जून ते सप्टेंबर. मग आपल्याकडे कॅक्टस सडतात ते पावसाळ्यातच का? तिकडे सर येते, चुनखडीच्या उतारावरून पाणी निघून जातं आणि ऊन परत येतं. इकडे आषाढाची झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. फरक पडतो तो ढगांनी आणि साचलेल्या पाण्याने. यंदाचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती.

२ फेब्रुवारी

मोठं झाड कुंडीतून काढलं. काटे हातमोज्यांतून आरपार जातात, म्हणून जुन्या गोणपाटाची चार पदरी पट्टी करून झाडाच्या पोटाभोवती गुंडाळली, दोन्ही टोकं एकत्र पिळून धरली आणि कुंडी आडवी केली. कडेने रबरी हातोडीने ठोकत कुंडीच मागे सरकवत नेली. झाड ओढायचं नाही. ओढलं की खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे बारीक चीर पडते आणि पुढे कूज तिथूनच शिरते.

आत निघाली काळी माती. वर दगडासारखी घट्ट, आत अजूनही गार आणि दमट, गेलं पाणी देऊन कितीतरी दिवस झालेले असताना. आपली काळी माती कपाशीला, गव्हाला सोनं आहे. कुंडीतल्या कॅक्टसला ती जाच आहे. ओली झाली की फुगते, हवा कोंडते; वाळली की आक्रसून भेगाळते आणि बारीक मुळं तोडते.

मुळांवर पांढरी पिठूळ भुकटी होती. भिंगातून पाहिलं तर भुकटीत हळूहळू सरकणारे जीव. पिठ्या ढेकूण, पण जमिनीखालचा. द्राक्षबागायतदारांना वेलीच्या सालीतला आणि घडातला पिठ्या चांगला ठाऊक असतो. हा मुळांवरचा वरून दिसतच नाही. झाड नुसतं वाढायचं थांबतं. माथ्यावर नवे काटे आखूड आणि फिके येऊ लागतात, एवढीच काय ती खूण. या झाडाचे गेल्या दोन हंगामांतले काटे तसेच आहेत, आता कारण कळलं.

माती सगळी झटकली, नळीच्या धारेने मुळं धुतली. मेलेली मुळं दाबली की साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. ती सगळी कापली. काढलेली माती पिशवीत बांधून कचरागाडीत दिली, दुसऱ्या कुठल्याही कुंडीत टाकली नाही. झाड जिन्याखाली सावलीत, रिकाम्या बादलीच्या तोंडावर, मुळं हवेत लोंबती ठेवून दिलं आहे. कापलेल्या जागा कोरड्या होईपर्यंत तिथेच.

५ फेब्रुवारी

माध्यम, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरायचं मिश्रण, तयार केलं. खडी क्रशरवरची ४ ते ६ मिमी कच, विटांचे त्याच मापाचे तुकडे, थोडं परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे कण), आणि पालापाचोळ्याचं पूर्ण कुजलेलं खत. दगड-वीट-परलाइट मिळून सत्तर टक्के, खत तीस. निंबोळी पेंड मूठभर.

खरं काम चाळण्याचं. कच आणि विटा दोन्ही आधी मोठ्या चाळणीतून, मग पिठाच्या चाळणीतून काढल्या. पिठाच्या चाळणीतून जे खाली पडतं ते फेकायचं, कारण तीच धूळ पुढे पोकळ्या बुजवते. चाळलेलं घमेल्यात धुऊन उन्हात वाळवलं. घमेलं आधी अर्ध्या तासात भरलं असं वाटतं, चाळून झाल्यावर निम्मं उरतं. पण हे केल्याशिवाय बाकी सगळं फुकट.

आता कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालण्याबद्दल. पाणी निघून जावं म्हणून तळाला दोन बोटं खडी घाला, असं प्रत्येक जण सांगतो. मी घालत नाही. बारीक कणांच्या थरातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही. वरचा थर पूर्ण भिजून चिंब झाल्यावरच ते खाली सुटतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो ओला पट्टा नेहमी राहतो तो खडीमुळे नाहीसा न होता तेवढाच वर, मुळांच्या जवळ सरकतो. स्टीलच्या गाळणीत एकच माध्यम आणि दुसऱ्या गाळणीत खाली खडी, वर तेच माध्यम घेऊन पाणी ओतून बघावं. वरच्या मातीचा ओलावा बोटाला कळतो. भोकावर माती सांडू नये म्हणून जाळीचा तुकडा पुरे. निचरा हवा असेल तर तो सगळ्या कुंडीभर एकसारख्या जाड कणांनीच मिळतो.

तयार मिश्रणाची चाचणी: भरल्या कुंडीवर तांब्याभर पाणी एकदम ओतलं. वर तळं न साचता ते लगेच खालून वाहायला लागलं. चालेल.

१० फेब्रुवारी

झाड नव्या कुंडीत बसवलं. कुंभारवाड्यातून आणलेली पसरट मातीची कुंडी, झाडाच्या व्यासापेक्षा चार बोटं मोठी. याहून मोठी कुंडी नको, कारण मुळं जिथपर्यंत पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. जुन्या कुंडीतली दक्षिणेकडची बाजू खडूने खूण करून ठेवली होती, तीच बाजू पुन्हा दक्षिणेला. पाणी दिलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

पहिलं पाणी, खालून वाहेपर्यंत.

२ मार्च

पेरणी. बिया काळ्या, चकचकीत, एक-दीड मिलिमीटरच्या. रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या.

माध्यम तेच, फक्त अजून बारीक चाळलेलं आणि खत कमी केलेलं. ओलं करून कुकरमध्ये, शिट्टी काढून, अर्धा तास वाफवलं. हे टाळलं तर कॅक्टसच्या आधी शेवाळ आणि बुरशी उगवते. गार झाल्यावर झाकणाच्या पारदर्शक डब्यांत भरलं. डब्यांच्या तळाला तापलेल्या सुईने भोकं पाडली होती. बिया वर नुसत्या पसरायच्या, मातीखाली दाबायच्या नाहीत, त्यांना उगवताना उजेड लागतो. वरून कचेचे मोजके खडे, म्हणजे कोवळ्या रोपाला टेकायला आधार मिळतो. डबे पाण्याच्या परातीत ठेवून खालून भिजवले, झाकण लावलं, आणि पूर्वेच्या खिडकीत पातळ पडद्यामागे ठेवले. नाशिकचा मार्च या कामाला अगदी योग्य आहे: दिवसा तिशीच्या वर, रात्री गारवा. हीटर, दिवे काहीही लागत नाही.

११ मार्च

उगवायला लागल्या. सगळ्यात पुढचं रोप दोन मिलिमीटरचं, फिकट हिरवं, आणि डोक्यावर बियाण्याचं काळं टरफल अजून अडकलेलं. ते ओढून काढायचं नाही, आपोआप गळतं.

२३ मार्च

बऱ्याच रोपांच्या माथ्यावर पहिला काट्यांचा झुबका दिसतो आहे, पांढरा आणि इतका मऊ की बोट लावलं तरी टोचत नाही. गोल्डन बॅरलच्या रोपांना सुरुवातीला धारा (खोडावरच्या उभ्या कडा) नसतात, नुसते उंचवटे असतात. धारा काही वर्षांनी उंचवटे एका रांगेत जुळून तयार होतात. त्यामुळे रोपवाटिकेत लहान रोप बघून हे दुसरंच काही आहे असं वाटू शकतं.

मोठ्या झाडावर आजपासून ५० टक्क्यांची शेडनेट, फक्त पश्चिमेकडून. वाळवंटी झाड म्हणून त्याला कितीही ऊन चालतं हे अर्धंच खरं. आयुष्यभर उन्हात वाढलेल्याला चालतं. रोपवाटिकेच्या जाळीखालून किंवा जिन्याखालून आलेलं झाड एकदम दुपारी तीनच्या उन्हात ठेवलं तर कातडीवर पिवळट-पांढरे डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. दर आठवड्याला जाळी थोडी थोडी मागे घेणार.

१२ एप्रिल

मोठ्या झाडाच्या माथ्यावर हालचाल! मधली लोकर रुंदावली आहे आणि तिच्यातून नवे काटे निघताहेत: बुडाशी तांबूस, वर मधाच्या रंगाचे, ओले असल्यासारखे चमकणारे. जुन्या, आखूड काट्यांच्या शेजारी ते जवळजवळ दुप्पट लांब दिसतात. मुळं लागली, पिठ्याही गेला असावा.

पाणी आता संध्याकाळी सातनंतर. कॅक्टसची रंध्रं दिवसा बंद असतात. रात्री हवा गार झाली की ती उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. दिवसा उजेडात दारं बंद करून त्याच साठ्यावर अन्न तयार होतं. पाणी वाचतं, पण त्यासाठी रात्र गार लागते. मुंबईत एप्रिलची रात्र उकडत असते. नाशिकला दिवसा चाळीसला टेकलं तरी पहाटेपर्यंत पारा वीस-बाविसावर येतो. या गावात कॅक्टस चांगले होण्याचं मोठं कारण मला वाटतं आपल्या रात्री.

आणि हो, पाणी. दर आठ-दहा दिवसांनी, भरपूर. कॅक्टसला पाणी लागत नाही असं म्हणून चमच्या-चमच्याने पाणी घालणारे खूप भेटतात. त्याने वरचा इंचभर थर भिजतो, खालची मुळं वाळतात आणि झाड वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. वाढीच्या दिवसांत त्याला मनापासून पाणी हवं असतं. पुढच्या पाण्याआधी मुळांना हवा मिळाली पाहिजे, एवढीच त्याची अट. कोरडं झालं का ते पाहायला बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून ठेवली आहे. बाहेर काढायची, गालाला लावायची. गार लागली तर थांबायचं.

नळाचं पाणी गंगापूर धरणाचं, त्याने फारसे डाग पडत नाहीत. बोअरच्या पाण्याने कातडीवर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि माध्यमही हळूहळू अल्कधर्मी होतं. टँकरचे दिवस आले तर बादलीभर पाण्यात थोडं लिंबाचं सत्त्व घालायचं ठरवलं आहे.

१५ मे

ढग आणि वळवाचा जोर. रोज दुपारनंतर गडगडतंय. जिल्ह्यात उन्हाळ कांदा भिजतोय, त्यापुढे माझं काम काहीच नाही. पण पावसाळी छताचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात धरलं होतं ते आजच सुरू केलं.

२७ मे

मान्सून मुंबईत कालच पोचला, मे महिन्यात! छत वेळेत उभं राहिलं.

छताबद्दल सविस्तर लिहून ठेवते, कारण या प्रकल्पात सगळ्यात जास्त विचार यात गेला आहे. अंबडच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकट करून घेतली, वर पॉलिकार्बोनेट, म्हणजे उन्हाने खराब होऊ नये म्हणून यूव्ही थर दिलेला पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा. ताडपत्री स्वस्त पडली असती, पत्राही घरात होता. पण दोन्हींनी पाऊस अडतो तसा उजेडही अडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उजेडाचाच दुष्काळ असतो. अंधारात आणि दमटपणात कॅक्टसची मान लांबते: नवी वाढ फिकी, अरुंद, काटे विरळ. ती जागा पुढे कधीच भरून येत नाही, झाडाला जन्मभर कंबर पडते.

उतार पूर्वेकडे, म्हणजे पश्चिमेचा वारा पाणी आत ढकलणार नाही. पश्चिमेची बाजू खालच्या अर्ध्या भागात दुहेरी शेडनेटने झाकली: झड अडते, वारा येतो. बाकी तिन्ही बाजू पूर्ण उघड्या. प्लास्टिकचा तंबू करून चारी बाजू बंद केलेले मी पाहिले आहेत. त्यात पाऊस एक थेंब येत नाही आणि झाडं तरीही सडतात, कारण आतली हवा हलत नाही. कुंड्या जमिनीपासून वर, विटांवर, भोकांखाली मोकळी जागा ठेवून.

छताच्या खालच्या कडेला पन्हळ लावून पाणी पिंपात घेतलं आहे. पावसाचं पाणी कॅक्टससाठी उत्तम, क्षार जवळजवळ नाहीत. झाडावर तो पडू द्यायचा नाही, पण पिंपातून मोजून त्यालाच द्यायचा.

६ जुलै

आषाढी. पहाटेपासून रिपरिप. मोठ्या झाडाला आज पाणी दिलं. बघणाऱ्याला विचित्र वाटेल, बाहेर पाऊस पडतोय आणि मी छताखाली झारी घेऊन उभी. पण काडी पूर्ण कोरडी होती आणि पुढचे दोन-तीन दिवस उघडीप मिळेल असं वाटतंय. पाण्यानंतर दोन दिवस तरी उजेड आणि वारा मिळणार असेल तरच पाणी, नाहीतर महिनाभर दिलं नाही तरी बिघडत नाही. धारा पेटीच्या भात्यासारख्या आहेत: पाणी भरलं की उघडतात, कमी झालं की मिटतात. त्या थोड्या मिटलेल्या दिसल्या तर घाबरू नये. फुगलेलं झाड दमट हवेत जास्त धोक्यात असतं.

३ ऑगस्ट

रोपांच्या एका डब्यात मर लागली. बुडाशी पाणथळ डाग, दुसऱ्या दिवशी रोप आडवं, तिसऱ्या दिवशी त्या जागी नुसता कागद. हा डबा गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवलेला. डब्याभोवती बारीक काळी चिलटंही घिरट्या घालत होती. त्यांच्या अळ्या ओल्या खतात राहतात आणि कोवळी मुळं कुरतडतात.

मेलेली रोपं भोवतालच्या मातीसकट चमच्याने उचलली. झाकणं सगळ्याच डब्यांची काढली. रोपं आता पाच महिन्यांची, पाच-सहा मिलिमीटरची आहेत, कोंदट हवेची त्यांना गरज उरलेली नाही. ट्रायकोडर्माचं (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पाणी खालून दिलं. वर चाळलेल्या कचेचा पातळ थर, म्हणजे चिलटांना अंडी घालायला ओली जागा मिळत नाही. पिवळी चिकट पट्टी टांगली. डबे पूर्वेच्या कडेला, जिथे सकाळी हाताला वारा जाणवतो, तिथे हलवले.

२४ ऑगस्ट

कलमाचा दिवस. दिंडोरीकडचा मावसभाऊ आला होता. त्याची द्राक्षबाग डॉगरीज या जातीच्या खुंटावर (ज्याच्यावर कलम बसवतात त्या मुळाच्या झाडावर) आहे आणि तो स्वतः कलम भरतो. त्याच्या शेजाऱ्याच्या ड्रॅगन फ्रूटच्या मळ्यातून छाटणीचे तुकडे त्याने जूनमध्येच दिले होते, ते आता कुंड्यांत छान रुजले आहेत. ड्रॅगन फ्रूट हाही कॅक्टसच, वेलीसारखा वाढणारा, म्हणून खुंट म्हणून चालतो. रोपवाटिकांत तीन धारांच्या हिरव्या दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा मिळतो तो दांडा बहुतेक वेळा हाच. त्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं, खुंटावरून काढलं तर तो जगत नाही. आमचं रोप स्वतःचं अन्न करू शकतं. कलम फक्त वेगासाठी. मागे पडलेली चार रोपं यासाठी निवडली.

ब्लेड स्पिरिटने पुसली. खुंट आडवा कापला आणि तिन्ही धारांच्या कडा उतरत्या तासल्या. हे महत्त्वाचं आहे: काप वाळताना साल जागची हलत नाही, आतला गर मात्र आक्रसतो; कडा तासल्या नाहीत तर मधे खळगा होऊन वरचं रोप उचललं जातं. कापाच्या मध्यभागी फिकट रंगाचं बारीक वर्तुळ दिसतं, पाणी-अन्न वाहणाऱ्या नलिकांचं. रोपातही तसंच, पण इतकं लहान की भिंग लागतं.

मी रोप बरोब्बर खुंटाच्या मधोमध ठेवायला गेले, तर तो म्हणाला, "ताई, मधे नको ठेवू. खुंट जाड न् काडी बारीक असली का आम्ही एका अंगाला साल जुळवतो. दोन्हीकडून जुळत नाय ते."

"अरे, पण याला साल कुठेय?"

"साल नसंना का. ते गोल दिसतंय ना, त्याच्यावर हे गोल चढव. थोडं जरी एकमेकांवर आलं तरी बास."

तसंच केलं. रोपाचं वर्तुळ खुंटाच्या वर्तुळाच्या रेषेवर येईल असं एका बाजूला सरकवून ठेवलं. ठेवण्याआधी खुंटाचा कागदाएवढा पातळ काप पुन्हा काढला, म्हणजे दोन्ही जखमा ताज्या. बोटाने हलकं दाबून गोल फिरवलं, मधली हवा निघून गेली, आणि त्याच्याकडच्या कलमपट्टीचा ताणलेला तुकडा वरून खाली दोन्ही बाजूंना चिकटवला. त्याचे हात एवढे सराईत की माझं एक होईपर्यंत त्याची बाकीची झाली. कुंड्या सावलीत. कापावर पाणी पडू द्यायचं नाही.

५ सप्टेंबर

पट्ट्या काढल्या. तीन कलमं घट्ट बसली आहेत, रोपं टरारून फुगली आहेत. चौथ्याचं बूड तपकिरी, काढून टाकलं.

२९ सप्टेंबर

नवरात्रात एवढा पाऊस! गंगापूर धरणातून मोठा विसर्ग, गोदावरीला पूर, रामकुंडावरच्या मंदिरांना पाण्याचा वेढा. गच्चीवर पन्हळ ओसंडून वाहिली, पिंप केव्हाच भरलं. छताखाली कोरडं आहे. कोणालाच पाणी नाही.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली तरी पाऊस पुरता हटेना, मध्येच ऊन, मध्येच सर. ऊन असलेल्या दिवसांत मात्र झाडं भराभर वाढताहेत. यंदाचा शेवटचा खताचा हप्ता आज: ०:५२:३४ (नत्र शून्य, स्फुरद ५२, पालाश ३४ टक्के), लिटरला अर्धा ग्रॅम, पिंपातल्या पावसाच्या पाण्यात. दिंडोरी रोडच्या कृषी केंद्रात द्राक्षवाल्यांमुळे विद्राव्य खतं सहज मिळतात. नत्र जास्त असलेलं खत कॅक्टसला देऊ नये, शरीर मऊ आणि पाणीदार होतं, कूज आणि पिठ्या दोघांनाही सोपं जातं.

कलमांच्या बेचक्यात मुंग्या दिसल्या, म्हणून शोधलं. एका धारेच्या खाचेत पिठ्याचा कापसासारखा ठिपका. मुंग्या पिठ्याच्या गोड स्रावासाठी त्याला इकडून तिकडे नेतात आणि राखतात. बारीक ब्रशने स्पिरिट लावून पुसला, आठवड्याने पुन्हा. कुंड्यांच्या विटा पाण्याच्या पसरट थाळ्यांत ठेवल्या, म्हणजे मुंग्यांचा रस्ता बंद.

१६ नोव्हेंबर

मोठ्या झाडाचं पाणी आजपासून बंद, फेब्रुवारीपर्यंत. छत मात्र काढणार नाही. अवकाळी कधीही येतो आणि थंडीत भिजलेलं मूळ वाळत नाही. कोरडं झाड नाशिकची थंडी आरामात सोसतं, आणि मोठ्या झाडांना पुढे फुलावर यायलाही ही गार, कोरडी विश्रांती लागते.

रोपांना तसं नाही. एवढ्या लहान शरीरात तीन महिन्यांचा साठा मावत नाही. त्यांना महिन्यातून एकदा, उन्हाच्या सकाळी, खालून थोडं.

१४ डिसेंबर

पहाटे गच्चीवर हात गारठतात. निफाडकडे पारा एक आकडी. मोठं झाड मोजलं: जानेवारीतल्या ३० सेंमीवरून पावणेबत्तीसच्या आसपास. भात्याच्या घड्या आता जराशा मिटल्या असूनही एवढं. नव्या काट्यांचं सोनेरी कडं पूर्ण झालं आहे. त्याच्या खाली दोन वर्षांच्या आखूड काट्यांचा पट्टा स्पष्ट दिसतो, आणि मुळांवरच्या पिठ्याची ती नोंद झाडावर कायम राहील.

स्वतःच्या मुळांवरची रोपं ८ ते १० मिमी. कलमं २५ मिमीच्या पुढे गेली आहेत आणि त्यांच्यावर धारांचा अंदाज लागतो आहे. पण ड्रॅगन फ्रूट उष्ण कटिबंधातला, त्याला ही थंडी मानवत नाही. एका खुंटावर पिवळे चट्टे आले. तिन्ही कलमं रात्री घरात घेते. पुढच्या उन्हाळ्यात ती खुंटावरून उतरवून, काप वाळवून, स्वतःच्या मुळांवर आणायची.

फेब्रुवारीची कामं: रोपांची दोन-दोन इंची कुंड्यांत पुनर्लागवड. कच आत्ताच चाळून ठेवायची. पॉलिकार्बोनेटवर आतून शेवाळाची हिरवी साय धरली आहे, ती साबणाच्या पाण्याने पुसायची. मऊ फडकं वापरायचं, घासणी नाही. मावसभावाला ड्रॅगन फ्रूटचेच, पण जून झालेले, बोटाने न दबणारे तुकडे मागायचे. बियांची दुसरी पुडी फ्रिजच्या दारात आहे.